प्रवेशपरीक्षा आणि गुरूची निवड

दहावीचा निकाल लागला कीं शहरांतील घराघरांत एकच चर्चा सुरू होते. अभियांत्रिकीच्या किंवा वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेसाठीं मुलास कोणत्या शिकवणीवर्गांत घालावें? जाहिरातींत पहिल्या आलेल्या मुलांचीं छायाचित्रें असतात, शेजारी आपापला अनुभव सांगतात आणि वडील मंडळी फीचा आंकडा मनांत घोळवीत बसतात. हा प्रश्न आपणांस फार आधुनिक वाटतो. वस्तुतः सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं पॅरिस शहरांत तो इतक्याच तळमळीनें विचारला जात होता. त्या काळच्या तीन विद्यार्थ्यांची हकीकत आज सांगावयाची आहे. शिक्षक काय करूं शकतो आणि काय करूं शकत नाहीं, हें तींत स्वच्छ दिसतें.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमींत, १७९४ सालीं, एकोल पोलितेक्निक ही संस्था निघाली. तोफखाना, रस्ते व पूल, खाणी या सरकारी खात्यांस लागणारे अधिकारी येथूनच तयार होत. पुढें १८०४ सालीं नेपोलियननें तिला लष्करी स्वरूप दिलें, तरी प्रवेश परीक्षेनेंच मिळे. ही परीक्षा मुख्यत्वें गणिताची व तोंडी असे. परीक्षक पॅरिसमध्यें आणि प्रांतोप्रांतींच्या शहरीं उमेदवारास फळ्यापाशीं उभा करून प्रश्नांमागून प्रश्न विचारीत. अर्थातच नुसतें गणित येऊन भागत नसे. तें परीक्षकासमोर, उभ्या उभ्या, पायरीपायरीनें मांडतां यावें लागे. परीक्षा जशी तशी शिकवणी, या न्यायानें मोठ्या विद्यालयांतून ‘विशेष गणित’ नांवाचे वर्ग निघाले व खाजगी वसतिगृहेंहि निघालीं. फ्रान्समध्यें असे तयारीचे वर्ग आजहि चालतात आणि फळ्यापुढील तोंडी सराव हें त्यांचें एक मुख्य अंग आहे.

पहिला विद्यार्थी उर्बें ल व्हेर्ये. हा १८११ सालीं नॉर्मंडी प्रांतांत जन्मला. वडील सरकारी खात्यांत सामान्य नोकरीवर होते. १८३० सालीं मुलगा प्रवेशपरीक्षेंत नापास झाला. तेव्हां वडिलांनीं राहतें घर विकलें आणि त्या पैशांवर त्यास तयारीकरितां पॅरिसला धाडलें! दुसऱ्याच वर्षीं तो उत्तीर्ण झाला. पुढें युरेनस ग्रहाच्या गतींतील विसंगतीवरून त्यानें एका अज्ञात ग्रहाचें स्थान गणितानें काढलें आणि १८४६ च्या सप्टेंबरांत बर्लिनच्या वेधशाळेंत गाल्ले यांनीं नेपच्यून पाहिला. वडिलांचें घर सार्थकीं लागलें, असें आपण म्हणूं. परंतु असें घर विकून नापास झालेल्या मुलांच्या कथा इतिहास लिहून ठेवीत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवलें पाहिजे.

दुसरा विद्यार्थी एव्हारिस्त गाल्वा. हाहि १८११ सालचाच. लुई-ल-ग्रां विद्यालयांत शिकत असतां त्यास गणिताचें वेड लागलें. १८२८ सालीं, तयारीचा वर्ग न करतांच, तो परीक्षेस बसला व नापास झाला. त्यानंतर तो रिशार नांवाच्या शिक्षकांच्या वर्गांत गेला. रिशार यांनीं स्वतः कांहीं ग्रंथ लिहिले नाहींत. परंतु आपल्यापुढें कोण बसला आहे, हें त्यांनीं तत्काळ ओळखलें. १८२९ च्या एप्रिलांत गाल्वाचा पहिला लेख प्रसिद्धहि झाला. मात्र मधल्या पायऱ्या मांडण्याचा या मुलास कंटाळा होता, असें चरित्रकार सांगतात. जुलैंत वडिलांनीं निंदानालस्तीस कंटाळून आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं मुलगा पुन्हा फळ्यापुढें उभा राहिला आणि पुन्हा नापास झाला. त्यानें परीक्षकाच्या अंगावर फळा पुसण्याचें फडकें फेकलें, अशी आख्यायिका आहे; ती खरी असो वा नसो, तिसरी संधि त्यास नव्हती. १८३२ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, द्वंद्वयुद्धांत तो मेला. ज्या वर्षीं नेपच्यून सांपडला त्याच १८४६ सालीं लिऊव्हील यांनीं त्याचे लेख छापले आणि आधुनिक बीजगणिताचा एक पाया जगापुढें आला.

तिसरा शार्ल एर्मीत. रिशार यांनीं गाल्वाच्या वह्या जपून ठेविल्या होत्या. त्या त्यांनीं पुढें आपल्या या दुसऱ्या शिष्याच्या हवालीं केल्या. एर्मीतहि नेमलेला अभ्यास सोडून लाग्रांज व गाउस यांचे ग्रंथ वाचीत बसे. परंतु परीक्षेच्या तयारीकरितां त्यास कातालान या गणितज्ञांची शिकवणी मिळाली. १८४२ सालीं तो उत्तीर्ण झाला, तोहि अडुसष्टाव्या क्रमांकानें. पायांतील व्यंगामुळें पुढें त्यास ती संस्थाहि सोडावी लागली. आणि १८४८ सालीं त्याच संस्थेनें याच अडुसष्टाव्या मुलास प्रवेशपरीक्षक नेमिलें!

या तीन कथांतून निघणारा बोध असा. शिक्षकाचीं कामें दोन आहेत. परीक्षकापुढें उभें राहण्याची संवय लावणें हें एक, आणि मुलाचें स्वत्व ओळखून तें जपणें हें दुसरें. पहिलें काम हलकें नव्हे. तें झालें नाहीं म्हणून गाल्वासारखा दाराबाहेर राहिला. परंतु दुसरें काम झालें नसतें, तर त्याच्या वह्याहि उरल्या नसत्या. एर्मीतला दोन्ही लाभलीं, म्हणून तो तरला.

तेव्हां वर्ग निवडतांना भिंतीवरील पहिल्या क्रमांकांचीं छायाचित्रें मोजूं नयेत. तेथील मधल्या व शेवटच्या मुलांचें काय होतें, मुलाची चूक त्यास समोर बसवून कोण दाखवितें, आणि घरांत दुःख आलें असतां तें शिक्षकाच्या कानीं जाईल कीं नाहीं, हें विचारावें. कोट्यासारख्या गांवीं घरापासून दूर राहणाऱ्या मुलांच्या आत्महत्यांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. केंद्र सरकारनें जानेवारी २०२४ मध्यें मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांस अशा वर्गांत घेऊं नये, क्रमांकाची हमी देऊं नये, आणि मुलगा मध्येंच सोडून गेल्यास उरलेल्या काळाची फी परत करावी, असें त्यांत सांगितलें आहे. फी भरण्यापूर्वीं या तिन्ही गोष्टी तोंडावर विचारण्याचा संकोच पालकांनीं करूं नये. कारण परीक्षा एका दिवसाची असते, आणि निकाल कसाहि लागला तरी संध्याकाळीं मुलगा आपल्याच घरीं परत यावयाचा असतो.