ताक, सोडा आणि दक्षिणेची बिस्किटं

अमेरिकेच्या दक्षिणेत, व्हर्जिनियापासून टेनेसी-जॉर्जियापर्यंत, न्याहारीला जे बिस्किट पानात येतं ते चहात बुडवायचं कुरकुरीत बिस्किट नव्हे. हा गोल, टपोरा, लुसलुशीत पाव. गरम असताना उकलला की पापुद्रे सुटतात आणि आतून वाफ येते. घरोघरी तो पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा मानला जातो. पण त्याचा आजचा मऊपणा एकोणिसाव्या शतकातला, आणि त्याच्या इतिहासातला मोठा भाग आहे तो कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कष्टांचा.

सोड्याआधीचं बिस्किट घट्ट आणि कडक असे. मैदा, मीठ, डुकराची चरबी आणि थोडं पाणी किंवा दूध यांचा गोळा लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं किंवा मोगरीनं बडवायचा, घडी घालायची, पुन्हा बडवायचा. अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त. पिठावर हवेचे फुगे धरेपर्यंत हात थांबवायचा नाही. मळेवाल्यांच्या घरी पाहुण्यांसमोर ही बिस्किटं मानानं येत. बडवण्याचं काम असे गुलाम म्हणून राबणाऱ्या माणसांकडे.

पीठ फुगवायला कष्टांऐवजी रसायन वापरायची सुरुवात झाली ती लाकडाच्या राखेपासून. राखेतून ‘पर्लअ‍ॅश’ नावाचा क्षार काढत. अमेरिकेचं पहिलं पेटंट, 1790 सालचं, सॅम्युअल हॉपकिन्स यांना मिळालं ते हा क्षार करण्याच्या सुधारित पद्धतीसाठीच. अमेलिया सिमन्स यांच्या 1796 च्या पाकपुस्तकात तो भट्टीच्या पदार्थांत पडलेला दिसतो. पुढं 1846 मध्ये जॉन ड्वाइट आणि त्यांचे मेहुणे ऑस्टिन चर्च यांनी न्यूयॉर्कमध्ये खाण्याच्या सोड्याचा व्यवसाय सुरू केला. सोडा कागदी पिशवीतून घरोघरी पोचू लागला.

सोड्याला आंबट जोडीदार लागतो. तो दक्षिणेत घरातच होता: लोणी काढल्यावर उरलेलं ताक. उष्ण हवेत, बर्फाची सोय नसताना, दूध नासायला वेळ लागत नसे. ताक त्यामानानं टिके. ताकातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. आंबट ताकात कालवलेल्या ढोकळ्याच्या पिठात सोडा घातल्यावर जो फेस येतो, तीच ही क्रिया. पापुद्र्यांचं श्रेय मात्र थंड लोण्याला किंवा चरबीला. मैद्यात तिचे वाटाण्याएवढे कण राहिले, की ते भट्टीत वितळतात आणि वाफेनं थर वेगळे होतात. त्यामुळे जे पीठ अर्धा तास किंवा जास्तही बडवावं लागे, ते आता जेमतेम एकत्र करून सोडून द्यायचं झालं.

मैदाही महत्त्वाचा. दक्षिणेत पिकणाऱ्या मऊ हिवाळी गव्हात प्रथिनं कमी, त्यामुळे पीठ चिवट होत नाही. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला 1883 मध्ये सुरू झालेल्या गिरणीचा ‘व्हाइट लिली’ मैदा याच गुणामुळे नावाजला. रोजच्या ताटात मात्र गरिबांकडे बराच काळ मक्याचीच भाकरी असे. गव्हाचं बिस्किट रविवारी किंवा सणाला.

ज्या हातांनी हे सारं केलं त्यांची नावं फारशी उरली नाहीत. म्हणून अ‍ॅबी फिशर यांचं पुस्तक मोलाचं ठरतं. दक्षिण कॅरोलिनात गुलामीत जन्मलेल्या या बाई पुढं सॅन फ्रान्सिस्कोत लोणची-मुरंबे करून नाव कमावत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1881 मध्ये त्यांनी पाककृती तोंडी सांगितल्या, इतरांनी उतरवून घेतल्या आणि पुस्तक छापलं गेलं. त्यात बडवलेल्या बिस्किटांची कृतीही आहे.

1931 मध्ये ‘बिस्क्विक’ हे तयार मिश्रण बाजारात आलं. ते काढणाऱ्या कंपनीचा एक विक्रेता रेल्वेनं चालला होता. गाडीच्या आचाऱ्यानं रात्री उशिरा क्षणात गरम बिस्किटं आणून दिली. मैदा, चरबी आणि बेकिंग पावडर आधीच कालवून त्यानं बर्फाच्या पेटीत ठेवली होती. त्या युक्तीवरून मिश्रण निघालं, असं कंपनीच सांगते. रूढ कथेत विक्रेत्याचं नाव येतं, आचाऱ्याचं येत नाही.

पाककृती-लेखिका एडना लुईस यांनी हा वारसा पुन्हा आपल्या लोकांच्या नावावर केला. व्हर्जिनियातलं फ्रीटाउन हे त्यांचं गाव. गुलामीतून सुटलेल्या लोकांनी ते वसवलं, त्यांत त्यांचे आजोबाही होते. 1976 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी त्या गावचं स्वयंपाकघर ऋतूंप्रमाणे मांडलं. बाजारी बेकिंग पावडरची चव त्यांना रुचत नसे; क्रीम ऑफ टार्टर आणि सोडा मिसळून त्या स्वतःची पावडर करत.

घरी करायची असतील तर ताक घट्ट आणि आंबट घ्या, लोणी थंडगार ठेवा आणि पीठ मळू नका. पेल्यानं गोल कापताना तो सरळ खाली दाबा; पिळलात तर कडा मिटतात आणि बिस्किट नीट फुगत नाही. आणि करताना फिशर आणि लुईस ही दोन नावं घरात सांगा. लुईस 2006 मध्ये गेल्या. 2014 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.