मानवी तस्करी आणि दहशतवाद : सुरक्षेपुढील दुहेरी आव्हान

'इस्लामिक स्टेट' या दहशतवादी संघटनेने ३ ऑगस्ट २०१४ रोजी उत्तर इराकमधील सिंजार परिसरावर हल्ला केला. यझिदी समाजातील हजारो लोकांची हत्या करण्यात आली. हजारो स्त्रिया व मुलांना बंदी बनवून इराक आणि सीरियात त्यांची खरेदी-विक्री झाली, तर अनेक मुलग्यांना शस्त्रे चालविण्यास शिकवून लढाईत उतरविण्यात आले. त्याच वर्षी १४ एप्रिलच्या रात्री नायजेरियातील चिबोक येथील शाळेतून 'बोको हराम'ने २७६ विद्यार्थिनींना पळवून नेले होते.

अशा तस्करीतून दहशतवादी संघटनांचे तीन हेतू साध्य होतात. विक्री आणि खंडणीतून पैसा मिळतो. गुलाम स्त्रियांचे आमिष दाखवून नवे हस्तक भरती करता येतात. आणि भयभीत झालेला समाज आपली भूमी सोडून जातो. विस्थापितांना पुन्हा तस्करांच्या जाळ्यात ओढणेही सोपे जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २० डिसेंबर २०१६ रोजी एकमताने संमत केलेल्या ठराव क्रमांक २३३१ मध्ये या संबंधाची दखल घेण्यात आली. दहशतवादी संघटनांनी केलेल्या तस्करीला बळी पडलेल्या व्यक्तींना दहशतवादाचे बळी मानावे, अशी भूमिका त्यात मांडण्यात आली. संघटनेच्या ताब्यात राहिलेल्या स्त्रीकडे तिची हस्तक म्हणून संशयाने पाहिले जाऊ नये, यासाठी हा भेद महत्त्वाचा ठरतो. सिंजारजवळच्या कोचो गावातील नादिया मुराद यांनी स्वतः ही गुलामगिरी भोगून जगापुढे साक्ष दिली. २०१८ च्या शांतता नोबेल पुरस्काराच्या त्या सहमानकरी ठरल्या.

भारतात राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ अन्वये माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगारी यांना मनाई आहे. मानवी तस्करीविषयक आंतरराष्ट्रीय शिष्टाचाराला भारताने २०११ मध्ये अनुसमर्थन दिले. २०१९ मधील दुरुस्तीने राष्ट्रीय तपास संस्थेला मानवी तस्करीच्या गुन्ह्यांचा तपास करण्याचे अधिकार मिळाले. त्यामुळे दहशतवाद आणि तस्करी या दोन्हींचा तपास एकाच केंद्रीय यंत्रणेच्या कक्षेत आला आहे.

जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये 'इस्लामिक स्टेट'च्या एका सदस्याला यझिदींच्या वंशसंहाराबद्दल दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. त्याने गुलाम म्हणून विकत घेतलेल्या पाच वर्षांच्या मुलीचा मृत्यू या खटल्याच्या केंद्रस्थानी होता. मुलीची आई या खटल्यात साक्षीदार होती.