विश्वास आणि खात्री

‘विश्वास तर पानिपतातच गेला!’ असे आपण थट्टेने म्हणतो. पण या थट्टेच्या तळाशी १४ जानेवारी १७६१ ची दुपार आहे. नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव, विशीही न गाठलेला, त्या दिवशी गोळी लागून पडला. नाव आणि शब्द एकच. म्हणून मराठी मुलखाची ती जखम बोलण्यात उतरली.

शब्द मात्र कितीतरी जुना. संस्कृतात ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे. मागे ‘वि’ लागला की निर्धास्तपणे श्वास घेणे. ज्याच्यापाशी छाती दडपत नाही, तो विश्वासू!

‘खात्री’ची वाट निराळी. अरबी ‘खातिर’ म्हणजे मन. ते फारसीमार्गे आपल्याकडे आले. ‘खातरजमा’ म्हणजे विखुरलेले मन गोळा होणे. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी ‘खातरजमा’ काही हलली नाही; पेशवाईतल्या पत्रांतूनही ती वावरत राहिली. मला त्यात गैर वाटत नाही. विश्वास माणसावर ठेवायचा असतो, खात्री गोष्टीची करून घ्यायची असते. ‘तुमच्यावर विश्वास आहे, पण खात्री करून घेतो’ हे वाक्य आपल्याकडे सहसा कुणाला खटकत नाही. अर्थात समोर जावईबापू नसले तर!