घरी ऑइल बदलणं: एका किरकोळ कामाचा इतिहास कसा शोधायचा?

मोटारसायकलचं इंजिन ऑइल घरच्या घरी बदलणं हा इतिहासाचा विषय होऊ शकतो का? पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की विषय म्हणजे काहीतरी भारदस्तच हवं. पण डेव्हिड अर्नोल्ड या इतिहासकारांनी शिवणयंत्र, सायकल, टाइपरायटर आणि भातगिरणी यांवरून वसाहतकालीन भारताचं आख्खं पुस्तक लिहिलं आहे. त्यामुळे विषय लहान आहे याची काळजी सोडा. प्रश्न नेमका आहे का, एवढं बघा.

आधी काम समजून घेऊ, कारण ज्या कामाचा इतिहास लिहायचा ते काम माहीत नसेल तर पुढे फसगत होते. इंजिन थोडं चालवून कोमट करायचं, म्हणजे ऑइल पातळ होतं आणि गाळासकट खाली येतं. खाली डबा ठेवून ड्रेन बोल्ट सोडायचा. ऑइल पूर्ण निथळलं की नवा वॉशर घालून बोल्ट बसवायचा. फार आवळला तर आटे जातात. मग नवं ऑइल मोजून भरायचं, शंभर सीसीच्या गाडीत साधारण लिटरभर. शेवटी गाडी सरळ उभी करून पातळी तपासायची. पाऊण तासाचं काम.

आता या कामाबद्दल सगळीकडे ऐकू येणारं वाक्य घ्या: "पूर्वी लोक गाडीचं सगळं घरीच करायचे, आता कुणाला काही येत नाही." घरात मोठ्यांना विचारलंत तर हेच ऐकाल. हे वाक्य खरं की खोटं, या वादात लगेच पडू नका. तुमचा पहिला प्रश्न असा हवा: "पूर्वी" म्हणजे कधी, आणि गाडी कोणती?

इथेच गंमत आहे. 1970 च्या दशकात रस्त्यावर दिसणाऱ्या बऱ्याचशा दुचाकी टू-स्ट्रोक होत्या. 1972 पासून बनणारी बजाज चेतक, साताऱ्यात तयार होणारी प्रिया, राजदूत, येझदी, सगळ्या त्याच जातीच्या. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं, त्यामुळे तळाशी ऑइल साठवून ठेवायला जागाच नसते. ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं, ते वंगणाचं काम करतं आणि जळून सायलेन्सरमधून निळसर धूर होऊन जातं. म्हणजे चेतकच्या मालकाला बदलायला इंजिन ऑइल नव्हतंच! त्याला येत होतं ते वेगळं: ऑइलचं प्रमाण सांभाळणं, प्लग काढून घासणं, सायलेन्सरमधला कार्बन साफ करणं.

पण थांबा, लगेच निष्कर्ष काढू नका. विरोधी पुरावा आधी स्वतःच शोधायचा असतो. एक, या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये वेगळं ऑइल असायचं आणि ते बदलावं लागायचं. दोन, 1955 पासून मद्रासमध्ये बनणारी एनफिल्ड बुलेट फोर-स्ट्रोक होती; तिचं इंजिन ऑइल बदलावंच लागायचं. तेव्हा "पूर्वी इंजिन ऑइल कुणीच बदलत नव्हतं" असं लिहिलंत तर परीक्षक पहिल्याच पानावर अडवतील. "स्कूटरवाल्या घरांत हे काम नव्हतं, बुलेटवाल्या घरांत होतं" असं लिहिलंत तर विधान टिकेल.

चित्र बदलायला सुरुवात होते 1985 मध्ये. हीरो होंडाची सीडी 100 आली आणि फोर-स्ट्रोक इंजिन मध्यमवर्गीय घरात शिरलं. तिची जाहिरात आठवते का? "फिल इट, शट इट, फरगेट इट." भरा, झाकण लावा, विसरून जा. हे पेट्रोलबद्दल होतं. पण त्याच गाडीच्या पोटात आता असं ऑइल होतं, जे ठरावीक किलोमीटरनंतर आठवणीने बदलावंच लागणार होतं. विसरायला सांगणारी जाहिरात आणि लक्षात ठेवायला लावणारं मालकाचं पुस्तक, ही दोन साधनं शेजारी ठेवून वाचा. एकटी जाहिरात वाचली असती तर ही विसंगती हाती लागली नसती.

दुसरीकडे टू-स्ट्रोकवाल्याचं कामही त्याच्या हातून सुटत होतं. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या खटल्यात दिल्लीत सुटं टू-टी ऑइल विकणं बंद करण्याचे आणि पंपावर मिश्रण करूनच देण्याचे आदेश दिले. म्हणजे एका गाडीबरोबर नवं काम घरात आलं आणि एका आदेशाने जुनं काम घराबाहेर गेलं. "आता कुणाला काही येत नाही" या वाक्यात हे दोन्ही बदल गडप होतात, आणि सगळा दोष माणसांच्या आळसावर जातो. इतिहास लिहिणाऱ्याने हा अन्याय तपासायचा असतो.

बरं, पुरावा कुठे मिळेल? न्यायालयाचे आदेश जपले जातात. कंपन्यांच्या जाहिराती जुन्या अंकांत सापडतात. पण अंगणात बदललेल्या ऑइलची नोंद कुणी ठेवत नाही. पावती नाही, रजिस्टर नाही. मालकाचं पुस्तक सांगतं की काय करायला हवं होतं. प्रत्यक्षात काय झालं ते त्यातून कळत नाही, आणि नव्या संशोधकांची गल्लत नेमकी इथे होते.

म्हणून मुलाखती घ्याव्या लागतात, आणि तिथे प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून असतं. "तुम्ही ऑइल घरी बदलायचात का?" असं विचारलंत तर "हो, सगळं घरीच!" हेच उत्तर येण्याची शक्यता जास्त. त्याऐवजी विचारा, "काढलेल्या जळक्या ऑइलचं काय करायचात?" ज्याने खरंच बदललं आहे, त्याच्याकडे याचं ठोस उत्तर असतं: वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासलं, सेंटरिंगच्या प्लेटांना लावायला दिलं, नाहीतर सरळ गटारात ओतलं. शेवटचं उत्तर ऐकून तोंड वाकडं करू नका, नाहीतर पुढचं कुणी खरं सांगणार नाही. त्या गटाराचा इतिहासही तुमच्याच विषयात येतो.

या आठवड्यात एवढं करून बघा. घरातली किंवा शेजारची जुनी दुचाकी निवडा. तिचं साल आणि इंजिनचा प्रकार लिहा. मग तिच्या मालकाला जळक्या ऑइलचा प्रश्न विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा. अशा दहा वह्या जमल्या की "पूर्वी" या शब्दाला तारखा लागायला लागतील.