दात राखणारी राळ

आमच्या सीमाभागातील जुन्या मराठी घरांत दाताचा इतिहास तीन शब्दांत संपत असे : दुखला, हलला, काढला. वंशावळी, जमिनीचे उतारे, देवस्थानचे मानपान यांची टिपणे या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. परंतु ज्या दातांनी त्या पिढ्यांनी भाकरी चावली, त्यांचे काय झाले हे कोणी लिहून ठेवले नाही. कणकुंबी हे मलप्रभेच्या उगमाचे, सह्याद्रीच्या माथ्यावरचे गाव. पावसाळ्यात जेथे बरणीतले मीठही पाझरते, अशा गावी दातदुखीचा उपचार घरातल्या लवंगेपासून सुरू होई, रिंगणीच्या बियांच्या धुरीवरून पुढे सरके आणि अखेर चिमट्यापाशी थांबे. दात काढण्याऐवजी दात राखावा, हा विचार रुजण्यास पुढे अनेक गोष्टी कारणीभूत झाल्या. त्यांपैकी एक म्हणजे दातात भरावयाची संमिश्र राळ. दवाखान्यात तिला ‘कॉम्पोझिट’ म्हणतात. बोलण्यात पुष्कळदा नुसते ‘सिमेंट’ म्हणून भागवले जाते. या राळेचा इतिहास, तिचे गुणदोष आणि तिची हाताळणी यांचा थोडक्यात परामर्श घेण्याचा आमचा विचार आहे.

किडलेल्या दाताची पोकळी भरावी ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त अशी पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून डागण्याचा उपचार सांगितलेला आहे. मात्र असे भरण टिकाऊ नव्हे, तात्पुरते असे. दाताचे काम पुन्हा दाताप्रमाणे व्हावे, असा पदार्थ मिळण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

तो पदार्थ म्हणजे ‘चांदी’. चांदी, कथील, तांबे यांची भुकटी पाऱ्यात कालवून केलेला हा लगदा पॅरिसमध्ये १८२० च्या दशकात वापरात आला आणि १८३३ मध्ये क्रॉकोर बंधूंनी तो न्यूयॉर्कला नेला. पाऱ्याच्या भीतीने तेथील दंतवैद्यांत मोठे भांडण जुंपले. पुढे १८९५ च्या सुमारास शिकागोच्या ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी मिश्रणाचे प्रमाण शास्त्रीय कसोट्यांवर बसवले आणि चांदी जगभर स्थिरावली. तिचा मोठा गुण असा की, थोडीफार ओल तिला चालते आणि चावण्याचा जोर ती उत्तम सोसते. मोठा दोष असा की, ती दाताला चिकटत नाही. सुतार लाकडात खाच आतून रुंद व तोंडाशी अरुंद ठेवतो, म्हणजे बसवलेला तुकडा निसटत नाही. चांदीसाठी दातातही तशीच खाच करावी लागे आणि त्यासाठी किडीबरोबर चांगला दातही कोरला जाई. दात वाचवण्यासाठी दाताचाच काही भाग खर्ची घालावा लागे, असा हा व्यवहार होता.

समोरच्या दातांत चांदी शोभत नसे. तेथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिलिकेट सिमेंट भरत. ते दातासारखे दिसे, पण लाळेत हळूहळू विरघळे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ॲक्रिलिक राळ आली. ती विरघळत नसे, परंतु घट्ट होताना आकसून कडेला फट पाडी आणि त्या फटीतून कीड पुन्हा शिरे. दाताला न चिकटणारा पदार्थ कितीही सुबक दिसला तरी उपयोगाचा नाही, हा धडा त्यातून मिळाला.

या कोंडीतून वाट काढण्याचे श्रेय दोघा अमेरिकन संशोधकांना द्यावे लागेल. रॉचेस्टरच्या मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. रंग धातूवर नीट बसावा म्हणून कारखान्यांत धातूचा पृष्ठभाग फॉस्फोरिक आम्लाने खरवडून घेतात, हे त्यांना ठाऊक होते. तेच आम्ल त्यांनी दाताच्या वरच्या कठीण कवचाला, म्हणजे एनॅमलला, अर्धा मिनिट लावले. कवचावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे पडली, राळ त्यांत शिरली आणि तेथेच घट्ट झाली. त्यांनी ८५ टक्के तीव्रतेचे आम्ल वापरले होते. आज ३५ ते ३७ टक्के पुरते. तत्त्व मात्र बदललेले नाही.

दुसरे राफाएल बोवेन. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत काम करीत असता त्यांनी ‘बिस-जीएमए’ नावाची नवी राळ सिद्ध केली व १९६२ मध्ये तिचे पेटंट मिळवले. ही राळ ॲक्रिलिकपेक्षा कमी आकसे. शिवाय तिच्यात त्यांनी गारगोटीच्या जातीची बारीक पूड मिसळली आणि पुडीचा प्रत्येक कण राळेला धरून राहावा म्हणून त्यावर सिलेन या रसायनाचा लेप दिला. आमच्या वाचकांना हे समजावे म्हणून जुन्या वाड्यांच्या बांधकामाकडे बोट दाखवावेसे वाटते. नुसता चुना लावला तर तो वाळताना तडकतो. नुसती वाळू तर धरूनच राहत नाही. घाणीत दोन्ही एकजीव झाली म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांमधला दर्जा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. कॉम्पोझिटमध्ये राळ हा चुना व काचेची पूड ही वाळू. आजच्या मिश्रणांत ही पूड वजनाने बहुधा ७० ते ८० टक्के असते. जितकी पूड अधिक, तितके आकसणे कमी व झीजही कमी. पहिल्या मिश्रणांतील कण जाड होते. राळ झिजली की ते उघडे पडत आणि भरण खरखरीत होई. पुढच्या दशकांत कण बारीक होत गेले आणि दोन-तीन आकारांचे कण एकत्र घालण्याची रीत पडली. त्यामुळे समोरच्या दाताला लागणारी चकाकी आणि दाढेला लागणारे बळ एकाच पदार्थात येऊ लागले.

आरंभी दोन लगदे कालवून राळ घट्ट करीत. कालवताना हवेचे बुडबुडे राहत आणि वैद्याचा हात थांबायच्या आत राळ आळू लागे. १९७० च्या दशकात प्रथम अतिनील व नंतर निळ्या दृश्य प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळी आल्या. त्यांतील कॅम्फरक्विनोन हे द्रव्य सुमारे ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषते आणि राळेचे रेणू साखळीने जोडू लागते. वैद्याला आता हवा तेवढा वेळ मिळाला. दिवा लावीपर्यंत राळ मऊ राहते. १९९० च्या दशकात निळा एलईडी सिद्ध झाला, ज्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे हा दिवा मुठीत मावणारा व बॅटरीवर चालणारा झाला. जेथे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, अशा गावांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

आता हाताळणीविषयी. चांदीच्या यशापयशाचा बराचसा भार त्या पदार्थावरच असे. राळेने तो वैद्याच्या हातावर आणला. आधुनिक राळही घट्ट होताना सुमारे २ ते ३ टक्के आकसते. एकदम मोठा गोळा भरून दिवा लावला, तर ती दाताच्या भिंती आत ओढते; मग कधी कडेला फट पडते, कधी भिंतच तडकते, कधी चावताना कळ येते. शिवाय प्रकाश खोलवर पोचत नाही. वर दगड आणि तळाशी लगदा अशी स्थिती होते. म्हणून सर्वसाधारण राळ सुमारे २ मिलिमीटरच्या थरांनी भरावी, थर तिरके लावावेत आणि प्रत्येक थरावर दिव्याचे टोक जवळ व स्थिर धरावे, असा दंडक आहे. जाड थराच्या राळी अलीकडे निघाल्या आहेत, पण त्यांनाही आपापली मर्यादा आहेच. प्रत्येक थराचा सर्वांत वरचा पापुद्रा हवेतील प्राणवायूमुळे किंचित चिकट राहतो. त्यालाच पुढचा थर धरतो. तो पापुद्रा बोटाने वा लाळेने मळला की जोड कच्चा राहतो. राळेची नळी उघडी टाकली तर दवाखान्याच्या दिव्यानेही ती आळू लागते. शीतपेटीतून काढलेली नळी खोलीच्या उष्णतेला आल्यावरच वापरावी, नाही तर ती नीट पसरत नाही.

सर्वांत मोठा शत्रू मात्र ओल. आम्ल लावून धुतलेल्या दाताला लाळेचा वा रक्ताचा नुसता स्पर्श झाला, तरी छिद्रे बुजतात आणि सारा खटाटोप वाया जातो. न्यूयॉर्कचे सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणण्याची युक्ती काढली. ती आजही सर्वोत्तम मानली जाते. तरीही कोरडेपणाचा अतिरेक चालत नाही. कवचाखालचा दंतिन हा भाग जिवंत व सच्छिद्र असतो. तो फार वाळवला की त्यातील तंतू आडवे पडतात आणि राळ आत शिरू शकत नाही. जपानच्या नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये दंतिन व राळ यांचा एकजीव झालेला थर दाखवून दिला, तेव्हा या जोडाचे मर्म कळले. दंतिन ओलसर असावा, ओला नसावा. पावसाळी हवेत जोंधळ्याचे बी कसे राखावे हे ज्या घरांना ठाऊक आहे, त्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही.

आमच्या मुलखाच्या दोन सवयींचा येथे उल्लेख केला पाहिजे. पहिली लवंगेची. लवंगेच्या तेलातील युजेनॉल दाताची कळ थांबवते खरे, परंतु तेच राळेला घट्ट होऊ देत नाही. दाताला लवंगेचे तेल लावले असल्यास भरण्यापूर्वी वैद्याला सांगावे. दुसरी सवय मिश्रीची. निपाणी ही तंबाखूची नामांकित पेठ, आणि भाजलेल्या तंबाखूची पूड दातांवर घासण्याची रीत सीमेच्या दोन्ही बाजूंना रुळलेली. वर्षानुवर्षे जोराने घासल्याने हिरडीलगत दातावर पाचरीसारखी खाच पडते. तेथे चांदीला धरायला जागा नसते. चिकटणारी राळ अशा ठिकाणी उपयोगी पडते. पण मिश्री सुटली नाही, तर तिथेही खाच पुन्हा पडते आणि हळद, चहा, तंबाखू यांचे डाग राळेवर चढतात.

या साऱ्याला शिकलेला हात लागतो, आणि तो हात जवळ यायला वेळ लागला. कोलकात्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले; मुंबईत नायर रुग्णालयाचे महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात असले, तरी मुंबई जवळ नव्हती. राज्यपुनर्रचनेनंतर, १९५८ मध्ये, बंगळुरात शासकीय दंत महाविद्यालय झाले, तेही लांबच. बेळगावात केएलई संस्थेचे दंत महाविद्यालय १९८५ मध्ये सुरू झाले आणि नंतर मराठा मंडळाचेही निघाले. चोर्ला घाट उतरून गोव्याकडे जाणाऱ्यांना तेथील १९८० चे महाविद्यालय होतेच. कणकुंबीहून जांबोटीमार्गे बेळगाव सुमारे ५० किलोमीटर. भर पावसात एका दाढेसाठी ही वाट तुडवायची, आणि भरण उखडले तर पुन्हा तुडवायची! दात काढून मोकळे होणारे आमचे वडीलधारे अडाणी नव्हते. त्यांनी अंतराचा हिशेब केला होता.

म्हणूनच राळेची भलावण आम्ही सरसकट करणार नाही. मागच्या दाढेतील मोठ्या पोकळीत राळेच्या कडेला पुन्हा कीड लागण्याचे प्रमाण चांदीपेक्षा अधिक असल्याचे तुलनात्मक अभ्यासांत आढळले आहे. दुसरीकडे पाऱ्याच्या वापरावर जगभर आळा येत आहे : मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून मोजके अपवाद वगळता चांदी भरणे थांबवले. जेथे रबराचा पडदा, दिवा, वेळ यांपैकी काहीच नाही, तेथे काच-आयनोमर सिमेंट हा प्रामाणिक पर्याय आहे. विल्सन व केंट यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी पुढे आणलेले हे सिमेंट ओल बरीच सहन करते, दाताला आपणहून चिकटते आणि हाताच्या हत्यारांनी कीड काढून, विजेवाचून भरता येते. राळेइतके ते कणखर नाही. पण काढलेल्या दातापेक्षा ते केव्हाही बरे.

तात्पर्य असे की, राळेने दाताचा चांगला भाग न कोरता कीड भरून काढण्याची सोय दिली आणि बदल्यात शिस्त मागितली. ही शिस्त एकट्या वैद्याची नव्हे. कीड लहान असतानाच जाणे, खुर्चीवर अर्धा-पाऊण तास स्वस्थ बसणे, घाई न करणे आणि सहा-आठ महिन्यांनी कडा तपासून घेणे, हा आपला वाटा आहे. पावसाळा संपून चोर्ल्याची वाट मोकळी झाली की घरातील मुलांच्या दाढा एकदा दाखवून आणाव्यात. दाढ दुखू लागेपर्यंत थांबण्याचा जुना हिशेब अंतरामुळे होता, आणि ते अंतर आता पूर्वीइतके राहिलेले नाही.