पहिल्या पावसात स्कूटर का घसरते? घर्षण कशावर अवलंबून असतं?

भाईंदरहून काशिमीरामार्गे घोडबंदर रोडने जाणाऱ्यांना हा अनुभव आहेच. जूनमध्ये पहिली सर येते आणि तोच टायर, तोच ब्रेक, तोच रस्ता असूनही गाडी लवकर थांबत नाही. कमी झालेलं असतं ते घर्षण. ते चार गोष्टींवर ठरतं.

१. पृष्ठभागांची जोडी
घर्षण एकट्या वस्तूचं नसतं, जोडीचं असतं. ही पकड घर्षणांकाने मोजतात. रबर आणि कोरडं डांबर यांचा घर्षणांक साधारण ०.७, ओल्या रस्त्यावर ०.४ च्या आसपास. लोकलचं पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांचा त्याहूनही कमी. म्हणून तर मोटरमनने ब्रेक लावला तरी लोकल जागच्या जागी थांबत नाही. रूळ ओलांडताना हे विसरू नका.

२. दाब
घर्षण बल = घर्षणांक × पृष्ठभागांना एकमेकांवर दाबणारं लंब बल. मग मागे मित्र बसला की गाडी लवकर थांबेल? नाही. घर्षण वाढतं, पण थांबवायचं वजनही तेवढंच वाढतं. उलट ब्रेक जास्त जोरात दाबावा लागतो.

३. मध्ये काय आहे
पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल पाण्यात मिसळून बुळबुळीत थर तयार होतो. टायरच्या खाचा पाणी बाहेर ढकलतात. टायर गुळगुळीत झाला की ते काम थांबतं. झेब्रा क्रॉसिंगचा रंग आणि गटाराची लोखंडी झाकणं ओली असताना जास्त निसरडी होतात.

४. चाक फिरतंय की घसरतंय
घसरायला लागण्याआधीचं घर्षण सहसा घसरतानाच्या घर्षणापेक्षा जास्त असतं. एबीएस नेमकं हेच साधतं: चाक जाम होऊ देत नाही.

आणि क्षेत्रफळ? फ्रान्सच्या आमाँताँने १६९९ मध्ये मांडलेल्या नियमानुसार त्याने फरक पडत नाही. वीट आडवी ओढा की उभी, जोर सारखाच. रबर मऊ असल्यामुळे टायरला मात्र हा नियम तंतोतंत लागू होत नाही.

मोबाईलवर मोजून बघा
'फायफॉक्स' हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं मोफत ॲप घ्या. त्यात कोन मोजायची सोय आहे. फोन जाड पुठ्ठ्याच्या वहीवर ठेवा, खाली टॉवेल अंथरा आणि वहीचं एक टोक हळूहळू उचला. फोन सरकायला लागेल तो कोन वाचा. त्या कोनाचा टॅन म्हणजे घर्षणांक. २०° आला तर ०.३६, ३५° आला तर ०.७०. मग कव्हर काढून पुन्हा करा. फोनचं वजन जवळपास तेच, पण कोन बदलेल, कारण जोडी बदलली.

आता हिशोब
मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आकडे सूत्रात टाकल्याशिवाय राहवत नाही. ताशी ५० किमी वेगाला, ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर सुमारे १४ मीटर लागतात, ओल्यावर २५. ओल्या रस्त्यावरही १४ मीटरमध्येच थांबायचं असेल, तर वेग ३८ च्या खाली हवा. पाऊस आपल्या हातात नाही, ॲक्सिलरेटर आहे.