कुंकू : शब्द तोच, वस्तू निराळी

मराठी घरात लाल पुडीला दोन नावे होती आणि ती सहसा एकमेकांच्या जागी येत नसत. शेंदूर देवाचा, कुंकू माणसाचे. वेशीवरच्या मारुतीला तेलात कालवलेला शेंदूर चढे. बाईच्या कपाळी असे ते कुंकू. हा भेद आपण विधीचा म्हणून ओळखतो, परंतु तो वस्तूचाही आहे. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. शिसे हवेत तापवून ते तयार होते आणि ते विषारी आहे. हेव्यापोटी गवयाला विड्यातून शेंदूर चारून त्याचा गळा घालवल्याच्या दंतकथा आपल्याकडे प्रचलित आहेत. त्या खऱ्या असोत वा नसोत, शेंदूर पोटात जाऊ नये एवढे व्यवहारज्ञान त्यांनी जपून ठेवले.

कुंकवाचा इतिहास याहून वळणाचा आहे. संस्कृतात ‘कुंकुम’ म्हणजे केशर. केशर महाग, तेही दूरच्या काश्मीरचे. मराठी मुलखात हा शब्द हळदीपासून केलेल्या तांबड्या पुडीवर स्थिरावला. हळद पिवळी, तिला लाल करण्याची युक्ती घरोघरच्या अनुभवातून आली. तुरटी, टाकणखार आणि लिंबाचा रस यांत हळद मुरवायची, वाळवायची आणि कुटायची. टाकणखारात बोरॉन असते. आम्लाच्या सान्निध्यात त्याचा हळदीतल्या कर्क्युमिनशी संयोग होऊन तांबडा रंग येतो. प्रयोगशाळेत बोरॉन ओळखायला हळदीचा कागद वापरतात, तो याच गुणधर्मामुळे. म्हणजे आपण ज्याला अस्सल कुंकू म्हणतो, तोही एक पर्यायच होता. मात्र हा बदल उघड्या डोळ्यांनी झाला. कुंकवात काय आहे हे करणाऱ्याला ठाऊक होते.

दुसरा बदल तसा झाला नाही. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला आणि पुढच्या काही दशकांत अशा रंगांनी बाजार भरून गेला. कापडासाठी जन्मलेले रंग पांढऱ्या पिठात मिसळून कपाळापर्यंत पोहोचले. वस्तू बदलली, शब्द मात्र जागचा हलला नाही.

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर हे या प्रश्नाचा विचार करण्यासाठी योग्य स्थळ आहे. तुळजाभवानीच्या उपासनेत हळद-कुंकू केंद्रस्थानी आहे. भक्तांच्या कपाळी मळवट असतो आणि दसऱ्याच्या सीमोल्लंघनात कुंकवाची उधळण होते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले केम हे गाव तर कुंकवाच्या उत्पादनासाठीच प्रसिद्ध आहे. क्षेत्राहून परतणारा यात्रेकरू प्रसाद म्हणून कुंकवाची पुडी आणतो. ती देव्हाऱ्यात आणि करंड्यात जाते, आणि लहान मुलांच्या कपाळीही लागते. देवीच्या नावाने आलेल्या पुडीत काय आहे, असे विचारणे आपल्याला अश्रद्धेचे वाटते. अज्ञानाला मिळालेले हे श्रद्धेचे कवच हीच खरी अडचण आहे.

वैद्यकाने तो प्रश्न विचारला आहे. कुंकवामुळे कपाळावर पडणाऱ्या काळ्या डागांवर गोह आणि कोझुका यांचा शोधनिबंध १९८६ मध्ये आला. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेतून २००७ मध्ये कुंकवाच्या त्वचादाहाच्या ४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुंकू नको म्हणून टिकली लावावी, तर तिथेही सुटका नाही. टिकलीच्या डिंकातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल या द्रव्याने त्वचेचा रंग जाऊन पांढरा डाग पडतो, हे १९९० मध्ये दाखवून देण्यात आले. २०१७ मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘सिंदूर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीचे ११८ नमुने तपासले. त्यांतले ९५ न्यू जर्सीतले होते, २३ भारतातले. सुमारे ८० टक्के नमुन्यांत शिसे आढळले. मराठीने शेंदूर आणि कुंकू यांच्यामध्ये जी रेघ ओढली होती, ती बाजाराने पुसली.

यावर वैद्याचा सल्ला सोपा असतो : लावणे थांबवा. पण ज्या भाषेत नवऱ्याला ‘कुंकवाचा धनी’ म्हणतात आणि ‘कुंकू पुसणे’ हा शब्दप्रयोगही अशुभ मानतात, त्या भाषेत राहणाऱ्या बाईला हा सल्ला पाळणे किती जड जात असेल? खाज सुटली, कातडी काळवंडली तरी ती लावत राहते. टिकलीने पडलेला पांढरा डाग दिसला की तेच लोक कोडाची कुजबुज करतात. सौभाग्याची खूणच अशी उलटते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसण्यासारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याचा हेतू वेगळा होता, तरी या प्रश्नाशीही त्याचे नाते आहे. कुंकू लावणे आणि न लावणे हे दोन्ही बाईच्या हाती आले, तरच आरोग्याचा विचार तिला खऱ्या अर्थाने करता येईल.

ज्यांना लावायचे आहे त्यांच्यासाठी वाट आहे. हळद, टाकणखार, तुरटी आणि लिंबू यांचे कुंकू आजही घरी करता येते. विकतचे घेताना घटक छापलेले आहेत का, ते पाहावे. चिमूटभर पूड पाण्यात टाकावी : कर्क्युमिन पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे पाणी लगेच गडद गुलाबी झाले तर कृत्रिम रंगाचा संशय घ्यावा. मात्र शिसे या कसोटीने कळत नाही; त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. म्हणून फार भडक, अंगाला जड लागणारी आणि निनावी पुडी तान्ह्या मुलापासून तरी दूर ठेवावी. आणि खाज येऊ लागली तर ‘सवय होईल’ असे म्हणू नये.

साहित्याच्या अभ्यासकाला शब्दार्थाचे स्थलांतर नवे नाही. अर्थ बदलतो तेव्हा आपण कोश उघडतो. शब्द तोच राहून वस्तू बदलते तेव्हा मात्र कोश गप्प असतो, आणि बदल प्रथम कळतो तो कपाळाच्या कातडीला.